उन्हाळ्यात कोकरांचे दूध तोडताना पाण्याची व्यवस्था

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, आष्टी, पाटोदा या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत जन्मलेली कोकरे तीन महिन्यांची होतात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. पारा ३८-४० अंशांवर, रानात हिरवे काही नाही, विहिरी तळाला गेलेल्या. नेमके याच दिवसांत दूध तोडावे लागते. त्यानंतरच्या पंधरवड्यात कोकरे खंगतात, हगवण लागते, नर कोकरांना मुतखडा होतो. बहुतेक जण दोष खुराकाला किंवा जंतांना देतात. त्यांचा वाटा असतोच, पण कितीतरी गोठ्यांत खरे दुखणे पाण्याचे असते. पाणी असते, पण कोकराच्या तोंडापर्यंत पोचत नाही. पोचते ते तापलेले, मचूळ किंवा लेंड्यांनी घाण झालेले.

पुढचे सगळे आकडे दख्खनी मेंढ्यांच्या बंदिस्त आणि अर्धबंदिस्त कळपासाठी आहेत. हिशेबाला ४० मेंढ्या आणि ४० कोकरे धरली आहेत. माडग्याळ जातीची कोकरे अंगाने मोठी असतात, त्यांच्यासाठी वजनाच्या प्रमाणात आकडे वाढवा.

दूध तुटले की पाणीही तुटते

मेंढीच्या दुधात ८० टक्क्यांहून थोडे अधिक पाणीच असते. तीन महिन्यांचे कोकरू दिवसाला ३०० मिली दूध पीत असेल, तर त्यातून पाव लिटर पाणी त्याला न मागता मिळत असते. दूध थांबले की ते गेले. त्याच दिवशी कोकरू पोट भरायला कडबा कुट्टी, तुरीचे भुसकट आणि भरड्याकडे वळते, म्हणजे कोरडे खाणे वाढते. कोरडा चारा पोटात भिजायला, कुजायला आणि पुढे सरकायला पाणी लागते. ते मिळाले नाही की कोकरू आपोआप कमी खाते. गव्हाणीत खुराक तसाच उरलेला दिसला तर भरड्याची चव तपासण्याआधी पाण्याचे कुंड तपासा.

इथेच एका जुन्या सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. दूध आटावे म्हणून कोकरे तोडल्यावर मेंढ्यांना दिवस-दोन दिवस पाणी द्यायचे नाही, असे अनेक ठिकाणी करतात. एप्रिलच्या उन्हात हे करू नका. दूध आटते ते कास भरून राहिल्यामुळे आणि खुराक कमी केल्यामुळे. तीन महिन्यांनंतर दख्खनी मेंढीचे दूध तसेही उतरलेले असते. ते आटवायला तहानेची गरज नाही. मेंढी स्वतःला थंड ठेवते ती मुख्यतः धापा टाकून, म्हणजे फुप्फुसातले पाणी हवेत सोडून. तिचे पाणी तोडणे म्हणजे उष्माघाताला दार उघडून देणे.

पाण्याचा हिशेब

कोरड्या चाऱ्यावर आणि ३८-४० अंश तापमानात दर किलो वजनामागे रोज सुमारे १५० मिली पाणी धरा. १२ किलोचे कोकरू म्हटले की १.८ लिटर होते. सोयीसाठी २ लिटर धरू. ३० किलोच्या दूध आटलेल्या मेंढीला ४.५ ते ५ लिटर, अंगावर पाजणाऱ्या मेंढीला ६ ते ७ लिटर. पारा ४२ च्या वर गेला तर यात आणखी पाव भाग मिळवा. हिरवा चारा असेल तर गरज घटते. एक किलो ताज्या लसूणघासात पाऊण लिटरच्या आसपास पाणी असते.

आपल्या कळपाचा हिशेब असा:

४० मेंढ्या × ६ लिटर = २४० लिटर
४० कोकरे × २ लिटर = ८० लिटर
कुंडे धुणे, सांडणे, बाष्पीभवन = ६० ते ८० लिटर

म्हणजे रोजचे ४०० लिटर. टँकर एक दिवस चुकला, वीज गेली, मोटर जळली तरी निभावले पाहिजे म्हणून निदान दोन दिवसांचा साठा हवा. १००० लिटरची एक झाकणाची टाकी या कळपाला पुरते. टाकी नसेल आणि पाण्याची खात्रीही नसेल, तर दूध तोडणे दोन आठवडे पुढे ढकला. आईच्या दुधातले थोडे पाणीही त्या काळात मोलाचे असते.

पाणी कसले आहे

उन्हाळ्यात पातळी खाली गेली की बोअरचे पाणी जड आणि खारट होते. पावसाळ्यात तपासलेला अहवाल एप्रिलमध्ये उपयोगाचा नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून एक लिटर नमुना घ्या, मोटर आधी दहा मिनिटे चालू द्या. अहवालात तीन गोष्टी पाहा.

विरघळलेले एकूण क्षार लिटरला ३००० मिलिग्रॅमच्या आत असतील तर नुकतेच दूध तोडलेल्या कोकरांना ते पाणी चालते. ३००० ते ५००० च्या मध्ये मोठ्या मेंढ्या निभावतात, कोकरे मात्र सुरुवातीला कमी पितात आणि पातळ हगतात. ५००० च्या वरचे पाणी कोकरांना देऊ नका. गोड पाणी विकत घेऊन फक्त कोकरांपुरते वेगळे ठेवा. ४० कोकरांना रोज ८० लिटरच लागते, म्हणजे पाण्याचे २० लिटरचे चार कॅन. एवढा खर्च एका मेलेल्या कोकराच्या किमतीपुढे काहीच नाही. अहवालात विद्युत वाहकता दिली असेल तर डेसिसायमनच्या आकड्याला ६४० ने गुणा, क्षारांचा अंदाज मिळतो.

दुसरे सल्फेट. लिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर गेले की हगवण लागते. फार वाढले तर कोकरांच्या मेंदूवर परिणाम होतो, ती आंधळ्यासारखी भिंतीला डोके टेकवून उभी राहतात. तिसरे नायट्रेट. उकिरड्याजवळच्या किंवा भरपूर युरिया टाकलेल्या रानातल्या विहिरीत ते वाढते. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असावे.

विहिरीचे किंवा टँकरचे पाणी टाकीत भरल्यावर १००० लिटरला ५ ग्रॅम चांगली, कोरडी ब्लीचिंग पावडर पुरते. पावडर आधी बादलीत कालवा, पाच मिनिटे गाळ बसू द्या, वरचे निवळलेले पाणी टाकीत ओता, मग तासभर थांबा. टँकरच्या पाण्याला औषधाचा उग्र वास येत असेल तर ते अर्धा दिवस झाकण उघडून ठेवा. मेंढीला वास फार लवकर कळतो. नवख्या वासाचे पाणी कोकरू हुंगून सोडून देते आणि आपल्याला वाटते त्याला तहान नाही.

एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर किंवा बोअरवरून टँकरवर जायचे असेल तर ते दूध तोडण्याच्या आधी करा. पहिले दोन दिवस पाव भाग नवे पाणी, पुढचे दोन दिवस निम्मे, मग पूर्ण. दूध तोडण्याच्या आठवड्यात पाण्याची चव अजिबात बदलू नका.

शेततळ्यावर कोकरे थेट नेणे टाळा. प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला की कोकराला वर येता येत नाही, आणि कडेचे उथळ पाणी दुपारी गरम असते. शेततळ्याला जाळी हवी, पाणी पाइपने खाली आणून कुंडात द्यावे. पाण्यावर निळसर-हिरवी, रंग सांडल्यासारखी साय दिसली तर ते पाणी पूर्ण बंद करा. त्या शेवाळाचे विष काही तासांत जनावर मारते. ओढ्याच्या डबक्याचे दुखणे वेगळे. काठावरच्या गोगलगायींमुळे तिथे चपट्या कृमींची लागण होते.

ठिबकला खत सोडायचा ड्रम, फवारणीची टाकी, कीटकनाशकाचे रिकामे डबे यांचा पाण्यासाठी कधीही वापर करू नका, कितीही धुतले तरी. तहानलेले कोकरू युरिया कालवलेले पाणीही पिते. नंतर लाळ, थरथर, पोटफुगी सुरू होते आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ हाती राहत नाही. खत सोडायच्या दिवशी कोकरे त्या रानाच्या जवळपासही नकोत.

कुंड

मोठ्या मेंढ्यांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद कोकरांना उपयोगाचा नाही. काठ ४० सेंटिमीटर उंच असतो, पाणी त्याच्याही खाली. कोकरू पुढचे पाय टेकवून वाकते, दोनदा घसरते आणि नाद सोडते. आत पडले तर बुडते.

सगळ्यात सोपे आणि स्वस्त कुंड म्हणजे १६० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप उभा मधोमध चिरून केलेले पन्हाळे. तीन मीटरच्या एका पन्हाळ्यात काठोकाठ २८ लिटरच्या आसपास पाणी मावते, सांडू न देता २० लिटर. दोन्ही तोंडांना टोप्या चिकटवा. कापलेल्या कडा धारदार असतात, त्या कानशीने घासून घ्या, नाहीतर ओठ कापतात आणि कोकरे त्या कुंडाकडे फिरकत नाहीत. काठ जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर ठेवा. काठाच्या वर १५-२० सेंटिमीटर अंतरावर एक बांबू किंवा पाइप आडवा बांधा, म्हणजे डोके आत जाते पण कोकरू आत उभे राहत नाही आणि लेंड्या पडत नाहीत.

फ्लोट (कुंड भरले की पाणी आपोआप बंद करणारी तरंगती झडप) लावून पाणी चोवीस तास चालू असेल तर ४० कोकरांना असे एक पन्हाळे लांबीने पुरते. तरी दोन ठेवा, आणि ती समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा. प्रत्येक कळपात दोन-तीन दांडगी कोकरे असतात, ती एका कुंडाची वाट अडवतात. सगळ्यात लहान, लंगडी, लाजरी कोकरे तहानलेली राहतात आणि ती आपल्या नजरेतूनही सुटतात. वेळेवर ओतून पाणी देत असाल तर सगळी एकदमच येतात. मग प्रत्येक कोकरामागे १२ सेंटिमीटर जागा हवी, म्हणजे ४० कोकरांना ४.८ मीटर. तीन मीटरची दोन पन्हाळी त्यासाठीही पुरतात.

फ्लोटची गती तपासायची सोपी रीत: तीच नळी १५ लिटरच्या बादलीत सोडा. तीन मिनिटांत बादली भरली पाहिजे. भरत नसेल तर टाकी आणखी वर चढवा किंवा नळी मोठी करा. कचऱ्याने फ्लोट अडकतो तो नेमका रात्री, म्हणून टाकीच्या तोंडाला जाळी लावा आणि रोज झोपण्याआधी फ्लोट हाताने एकदा दाबून पाहा.

कुंड गव्हाणीपासून दोन-तीन मीटरवर असावे. अगदी चिकटून ठेवले तर तोंडातला भरडा पाण्यात पडतो आणि उन्हाने चार तासांत आंबतो. फार लांब ठेवले तर भर दुपारी कोकरू सावली सोडून जात नाही. कुंडाभोवती मीटरभर जागेत खडी आणि मुरूम ठोकून उतार द्या आणि सांडलेले पाणी शेवरी किंवा सुबाभळीच्या ओळीला सोडा. ओली जमीन ही बारीक गोष्ट नाही. रक्ती हगवणीचे जंतू लेंड्यांतून पडतात आणि ओलाव्यातच वाढतात, खुरे सडतात ती याच चिखलात. कुंडाजवळ बोट दाबले आणि ओल लागली, तर गळती शोधा.

रोज सकाळी कुंड पूर्ण उपडे करून ब्रशने घासा. पंधरा दिवसांतून एकदा सिमेंटच्या हौदाला आतून चुना लावा, दिवसभर वाळू द्या, मग धुऊन भरा. पाण्यात गूळ घालायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडा. गुळाचे पाणी उन्हात आंबते, माश्या जमतात, आणि पुढे साधे पाणी ठेवले की कोकरे नाक मुरडतात.

पाणी गार ठेवणे

उन्हात पडलेल्या काळ्या नळीतले दुपारी तीनचे पाणी हाताला चटका देते. ते कुंडात आले की कोकरे तोंड लावून मागे फिरतात, आणि फ्लोट असल्याने आपल्याला कुंड भरलेले दिसते. म्हणून टाकीपासून कुंडापर्यंतची नळी ४५ ते ६० सेंटिमीटर खोल पुरा. पुरता येत नसेल तर कडब्याने झाका आणि दुपारचे पहिले पाणी बादलीत काढून टाका. ते धुण्याला वापरता येईल. टाकीवर छप्पर किंवा शेडनेट हवेच, बाहेरून पांढरा चुनाही लावा. प्लॅस्टिकच्या ड्रमला ओले गोणपाट गुंडाळून ते दिवसातून दोन-तीनदा भिजवले तर आतले पाणी बरेच उतरते. दहा-पंधरा कोकरे असतील तर मातीचा रांजण सावलीत ठेवून त्यातले पाणी पन्हाळ्यात ओतणे याहून चांगला उपाय नाही. पाणी ३० अंशांच्या खाली राहिले पाहिजे. थर्मामीटर नसेल तर मनगट बुडवून पाहा. कोमट लागले तर कोकरू पोटभर पिणार नाही.

उघड्यावरच्या कुंडातून एप्रिल-मेमध्ये दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर पाणी उडून जाते. तीन मीटरच्या पन्हाळ्यातून पाच लिटरच्या आसपास. कुंड सावलीत घेतले तर हे नुकसानही घटते.

दूध तोडण्याआधीचे पंधरा दिवस

सगळे यश इथे ठरते. कोकरू पाणी प्यायला आईकडे बघून शिकते, म्हणून आई सोबत असतानाच त्याला कुंडाची ओळख झाली पाहिजे.

१५ दिवस आधी: पुढे कोकरे ज्या जागेत राहणार आहेत, तिथेच मेंढ्या आणि कोकरे एकत्र ठेवायला लागा. नवी पन्हाळी याच दिवशी बसवा. पहिले तीन-चार दिवस मोठा हौद रोज दोन-तीन तास झाकून ठेवा, म्हणजे मेंढ्या पन्हाळ्यावर येतील आणि मागोमाग कोकरे.

१२ दिवस आधी: कोकरांपुरता वेगळा कप्पा करा, ज्यात २० सेंटिमीटर रुंदीच्या फटीतून फक्त कोकरे जातील. आत खुराकाची गव्हाण आणि एक पन्हाळे. नळ थेंब-थेंब गळता ठेवला तर आवाजाने कोकरे लवकर येतात.

७ दिवस आधी: आंत्रविषाराची लस आणि जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने याच्या आधीच उरकलेले असावे. दूध तोडण्याच्या दिवशी सुई, औषध, कानातला बिल्ला काहीही नको.

४ दिवस आधी: मेंढ्यांचा खुराक निम्मा करा, दोन दिवस आधी बंद. चारा आणि पाणी चालूच. कोकरांचा खुराक आहे तसा ठेवा.

आता कोकरे तपासा. तीन गोष्टी जुळल्या तरच तोडा: वजन १० किलोच्या वर, सलग तीन दिवस १५० ते २०० ग्रॅम खुराक खाणे, आणि कुंडावर आईशिवाय येऊन पाणी पिणे. तिसरी गोष्ट पाहायला सकाळी खुराकानंतर अर्धा तास कुंडाजवळ बसा आणि पाणी प्यायलेल्या कोकराच्या पाठीवर खडूची खूण करा. दोन दिवसांत ज्यांच्यावर खूण पडली नाही ती आईजवळच राहू द्या, आणखी पंधरा दिवस.

तोडायचा दिवस आणि पहिले तीन दिवस

हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल तर थांबा. मेंढपाळाचा वाडा (कळपासह फिरता मुक्काम) हलणार असेल तर त्या आठवड्यातही नाही. मुक्काम निदान आठ दिवस एका पाण्यावर असताना तोडा.

वेळ संध्याकाळी पाच-साडेपाचनंतरची. कोकरे आहेत तिथेच ठेवा आणि मेंढ्या दुसरीकडे न्या. उलटे केले तर कोकराला आईसोबत ओळखीचे कुंडही गमवावे लागते. मेंढ्या लांब, आवाज येणार नाही अशा ठिकाणी गेल्या तर बरे. जाळीला जाळी लावून ठेवल्या तर कोकरे दिवसभर जाळीशी उन्हात उभी राहून ओरडतात आणि कुंड पाठीमागे राहते.

पहिली रात्र आणि दुसरा दिवस ओरडण्यात, पळण्यात जातो. धावपळीने घाम-धापा वाढतात, पिणे मात्र घटते. म्हणून या काळात कोकरांना कुंडाकडे वळवावे लागते. सकाळी सहा, दहा, दुपारी एक, चार, संध्याकाळी सात आणि रात्री दहाला एक फेरी मारा. हळू चालत कोकरे कुंडाच्या बाजूला घ्या, पाणी हाताने हलवा, ताजे पाणी ओता. आधीच दूध तोडलेली एक-दोन मोठी कोकरे किंवा एक शांत भाकड मेंढी सोबत ठेवली तर बाकीची तिच्या मागे पितात. रात्री कुंड रिकामे ठेवू नका. गारव्यात कोकरे चारा जास्त खातात, त्यावर पाणी हवेच.

पाणी मोजा. पन्हाळ्याच्या आत खुणा करून ओतलेले आणि उरलेले लिहून ठेवा. शेजारी कोकरांच्या आवाक्याबाहेर तशाच उथळ भांड्यात पाणी ठेवले तर उडून किती गेले तेही कळते. पहिल्या चोवीस तासांत कोकरामागे एक लिटरपर्यंत उतरणे चालते. दुसऱ्या दिवशी एक लिटरच्या वर आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीड ते दोन लिटरवर आकडा आला पाहिजे. आला नाही तर या क्रमाने पाहा: पाणी गरम आहे का, वास येतो का, कुंडाची वाट कोणी अडवते का, काठ उंच आहे का, आणि मग आजार.

खुराक पहिले पाच दिवस वाढवू नका. आधी पाण्याचा आकडा स्थिर होऊ द्या, मग दर तीन दिवसांनी २५ ग्रॅम वाढवा. हा क्रम उलटा झाला की पोट आंबते आणि पुढचा मुतखडाही तिथूनच सुरू होतो.

मेंढ्यांकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कास तपासा. भरलेली, ताठ असणे ठीक. लाल, गरम, एका बाजूने दगडासारखी असेल किंवा मेंढी मागचा पाय ओढत असेल तर काससुजी आहे, डॉक्टरांना बोलवा. रोज पिळत बसू नका, त्याने दूध आटत नाही.

मुतखडा

नर कोकरांमध्ये लघवीची वाट लांब, अरुंद आणि मध्ये वळणाची असते. टोकाला दोऱ्यासारखी बारीक नळी. कमी पाणी आणि जास्त खुराक, विशेषतः गव्हाचा कोंडा जास्त असलेला, यांची गाठ पडली की खडे धरतात. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आणि चुना (कॅल्शियम) कमी असतो. खुराकात चुना आणि स्फुरद यांचे प्रमाण दोनास एक राहावे म्हणून कोंडा २० टक्क्यांच्या आत ठेवा आणि १ ते १.५ टक्के खाण्याचा चुनखडीचा बारीक भुगा मिसळा. १ टक्का मीठ घातले की कोकरे जास्त पितात आणि लघवी पातळ राहते. पण मीठ वाढवायचे ते पाणी चोवीस तास समोर असेल तरच, आणि पाण्यात क्षार ३००० च्या वर असतील तर वरून मीठ नको. नरांना जास्त खुराकावर ठेवायचे असेल तर पशुवैद्यकाला विचारून खुराकात अर्धा टक्का अमोनियम क्लोराइड मिसळता येते.

कोकरू शेपटी हलवत कुंथते, पोटावर लाथ मारते, लघवीच्या जागेच्या केसांवर वाळूसारखे कण चिकटलेले दिसतात. ही वेळ पाणी पाजायची नाही. वाट बंद असताना पाजलेल्या पाण्याने मूत्राशय फुटते. त्याच तासात डॉक्टर हवा. टोकाची नळी कापली की अनेकदा वाट मोकळी होते.

तहानलेले कोकरू

मानेच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली तर ठीक, दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली तर पाणी कमी पडले आहे. डोळे खोल, हिरड्या कोरड्या चिकट, लेंड्या बारीक आणि कडक, लघवी गडद, ही पुढची लक्षणे. नुसती सुस्ती आणि कडक लेंड्या असतील तर गार पाण्याजवळ नेणे पुरते. डोळे खोल गेले असतील तर जलसंजीवनीची पुडी पाकिटावरच्या प्रमाणात लिटरभर पाण्यात कालवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १० किलोच्या कोकराला एका वेळी १५० मिली, दर अर्ध्या तासाने, चार वेळा. सिरिंज गालाच्या बाजूने, डोके नाकपुडी डोळ्यांच्या रेषेच्या वर जाणार नाही इतकेच उचलून, घोट-घोट. मान ताठ वर करून ओतले तर पाणी फुप्फुसात जाते. मान टाकलेल्या, गिळू न शकणाऱ्या कोकराला तोंडाने काहीच देऊ नका. त्याला सलाइन लागते.

ताप १०६ अंश फॅरनहाइटच्या वर आणि तोंड उघडून धापा असतील तर उष्माघात. सावली, वारा, आणि पाणी पोटाखाली, जांघेत, पायांवर, जिथे लोकर विरळ आहे तिथे. ताप १०४ वर आला की पाणी मारणे थांबवा.

बाजारातून आणलेली कोकरे

लोणंद किंवा चाकणच्या बाजारातून आणलेल्या नर कोकरांचे दूध बहुधा त्याच सकाळी तुटलेले असते. बाजारात उभी, टेम्पोत दाटलेली, दिवसभर कोरडी. उतरवल्यावर सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरलेला हौद समोर ठेवणे. दीर्घ तहानेनंतर रक्तात आणि मेंदूत मीठ साचलेले असते. एकदम पोटभर साधे पाणी मिळाले की पाणी मेंदूत खेचले जाते, त्याला सूज येते. काही तासांत झटके, अंधत्व, कधी लाल लघवी आणि मरण.

म्हणून आल्यावर आधी सावलीत अर्धा तास. मग वर सांगितलेले साखर-मिठाचे पाणी उथळ पन्हाळ्यात, कोकरामागे १५० मिली, सगळ्यांना जागा मिळेल असे. दर अर्ध्या तासाने तेवढेच, चार फेऱ्या. दुसऱ्या फेरीनंतर मूठ-मूठ कोरडा कडबा किंवा भुसकट. पुढचे दोन-तीन तास साधे पाणी तासाला पाव लिटरप्रमाणे, आणि पाच-सहा तासांनी कुंड मोकळे. खुराक पहिले चोवीस तास नाही. जी कोकरे पाण्याकडे बघतच नाहीत ती दूध तुटण्याआधी कधी कुंडावर गेलेली नसतात. त्यांना बोट ओले करून चाटायला द्या, तोंड पाण्याला लावा, आणि दोन दिवस दहा-बाराच्या लहान गटात, आधीपासून पाणी पिणाऱ्या एका कोकरासोबत ठेवा.